रात्रीचा बार कोणाचा? कोकणात नव्याने राहायला आलेल्या एका कुटुंबाला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ठाण्याहून तुम्ही कुडाळ तालुक्यातल्या एका गावाच्या कडेला, नव्याने पाडलेल्या प्लॉटांवर घर बांधून राहायला आलात. रात्री मधूनच बंदुकीसारखा बार ऐकू येतो. कुंपणामागून बॅटऱ्या आणि कुत्रे जातात. परवा शेजाऱ्यांनी डुकराच्या मटणाचा डबा आणून दिला. गावात विचारलं तर ‘ह्या आमच्याकडे पयल्यापासून चलता’ एवढंच उत्तर मिळतं. हे कायद्यात बसतं का, घरात लहान मुलं आहेत त्यांना धोका किती, आणि आपण बोलावं की गप्प बसावं, हे तुम्ही विचारलं आहे.

मी वनरक्षक म्हणून लागलो आणि वनपाल म्हणून निवृत्त झालो. नोकरी सगळी सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांत गेली. ज्यांच्यावर गुन्हे नोंदवले त्यांच्याच ओटीवर बसून नंतर चहा घेतलेला माणूस आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंचं थोडंफार कळतं. तुमची भीती खरी आहे, पण चुकीच्या गोष्टीला चिकटली आहे. ज्याचा आवाज येतो ते बहुतेक वेळा राखण असते. ज्याचा आवाजच येत नाही, त्याची काळजी करा.

आवाज ओळखायला वेळ आणि महिना बघायचा. सकाळी उन्हं वर आल्यावर किंवा दुपारी चारच्या सुमारास बार झाला तर तो माकडांसाठी. माकडं आणि वानर दिवसाच फिरतात, आणि नारळ, केळी, काजू, भोपळे यांतलं काही ठेवत नाहीत. त्यांच्यासाठी सुतळी बॉम्ब लावतात, नाहीतर हल्ली घरोघरी झालेली पाइपची कार्बाइड बंदूक. तिच्यात गोळी नसते, नुसता गॅस पेटून आवाज होतो. शेजाऱ्यांकडे ती असेल तर मुलांना हात लावू देऊ नका. 2025 च्या दिवाळीत मध्य प्रदेशात याच खेळण्याने कितीतरी मुलांचे डोळे भाजले होते.

रात्रीचे बार सप्टेंबर-ऑक्टोबरात वाढतात. हळवं भात पिकायला आलं की डुकरं उतरतात. डुक्कर खातं कमी आणि तुडवतं जास्त; एका रात्रीत कळप मळ्याचा कोपराच्या कोपरा लोळवून जातो. अशा दिवसांत माणसं मांगरात, म्हणजे शेतावरच्या खोपटात, झोपतात, पत्र्याचे डबे बडवतात, हाकाटी करतात, फटाके लावतात, आणि ज्याच्याकडे परवान्याची बंदूक आहे तो हवेत बार काढतो. काजू-आंब्याच्या मोसमात बागांतून रात्रभर बॅटऱ्या फिरताना दिसतात, ते बहुतेक राखणे असतात. देवगड-रत्नागिरीकडच्या मोठ्या बागांत हे काम नेपाळहून आलेली माणसं करतात, सोबत कुत्रे असतात. लांबून बघणाऱ्याला हे सगळं शिकारीसारखंच दिसतं.

मग खरी शिकार कशी ओळखायची? राखण करणारा माणूस आरडाओरडा करतो, कारण त्याला जनावर पळवायचं असतं. शिकारी गप्प असतो, कारण त्याला ते जवळ यायला हवं असतं. एकच बार, त्यानंतर शांतता, दबक्या आवाजातलं बोलणं, आणि अर्ध्या-पाऊण तासाने दूर कुठेतरी गाडी सुरू झाल्याचा आवाज, असं असेल तर ती शिकार. आणखी एक खूण सांगतो. शेतकऱ्याकडची बंदूक बहुधा ठासणीची. दारू भरा, छर्रे घाला, ठासा, मगच पुढचा बार. लागोपाठ दोन-तीन बार ऐकलेत तर ती काडतुसांची बंदूक आहे किंवा माणसं जास्त आहेत. कपाळाला बॅटरी बांधून एकाच दिशेने हळूहळू सरकणारा उजेड हीसुद्धा राखणीची रीत नव्हे. राखण्याची बॅटरी चौफेर फिरत असते.

आता कायदा, कारण गावात याबद्दल अर्धवट माहिती फार आहे. शेतीसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळण्याची तरतूद 1959 च्या शस्त्र अधिनियमात आहे, आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीत असे परवाने खूप घरांत आहेत. निवडणूक लागली की या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात आणि नेमकी तेव्हाच डुकरं माजतात, हे तुम्हाला प्रत्येक ओटीवर ऐकायला मिळेल. पण परवाना बंदूक बाळगण्याचा आहे, जनावर मारण्याचा नाही. बंदूक कायदेशीर असली म्हणून तिने पाडलेलं डुक्कर कायदेशीर होत नाही. हा फरक जाणती माणसंही सोयीने विसरतात.

1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम 9 ने शिकारीला बंदी आहे. आणि शिकार म्हणजे फक्त गोळी घालणं नव्हे. फासकी म्हणजे तारेचा फास लावणं, आमिष टाकणं, हाकारे देऊन जनावर बंदुकीसमोर आणणं, यातला प्रयत्नसुद्धा व्याख्येत येतो. म्हणजे ‘मी फक्त हाक्याला गेलेलंय’ ही सबब कोर्टात चालत नाही. रानडुक्कर आधी तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कायद्याला जोडलेल्या प्राण्यांच्या तिसऱ्या यादीत, होतं. 2022 च्या दुरुस्तीने अनुसूच्यांची मांडणी बदलली, ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली, आणि आता ते दुसऱ्या अनुसूचीत आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. बिबट्या, खवले मांजर अशा पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांसाठी शिक्षा तीन वर्षांपासून सुरू होते आणि सात वर्षांपर्यंत जाते.

शेतकऱ्याला वाटच नाही असंही नाही. कलम 11 खाली, पिकाचं नुकसान करणाऱ्या विशिष्ट जनावराला मारायची लेखी परवानगी मिळू शकते. आपल्या राज्यात रानडुक्कर आणि रोह्यांसाठी (नीलगायींसाठी) तसा अर्ज वनक्षेत्रपालांकडे करायचा असतो. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना जनावर मेलं तर तो गुन्हा नाही, हेही त्याच कलमात आहे. ‘डुकराला उपद्रवी जाहीर केलंय, कुणीही मारा’ असं कुणी सांगितलं तर ते उत्तराखंडाबद्दल ऐकून आलेत. केंद्र सरकारने तिथे काही जिल्ह्यांत ठरावीक मुदतीसाठी तसं जाहीर केलं होतं. कोकणात तसली मोकळीक नाही.

कागदावर असलेली ही परवानगी घ्यायला मात्र फार थोडे शेतकरी येतात. भात आज रात्री जाणार असतं आणि अर्ज उद्या दहा वाजता उघडणाऱ्या ऑफिसात करायचा असतो. खात्यात राहूनही मला हे कधी पटलं नाही. शेतकऱ्याला वेळेत न्याय मिळाला असता तर निम्म्या फासक्या लागल्याच नसत्या, असं माझं मत आहे. माझे सहकारी याच्याशी सहमत नसत.

आता ‘पयल्यापासून चलता’ याबद्दल. यात खोटं काही नाही. संस्थानी काळात सावंतवाडी-कोल्हापूरकडे शिकारीचा मोठा शौक होता. आज आपण ज्याला राधानगरी अभयारण्य म्हणतो ते दाजीपूरचं रान मुळात कोल्हापूरच्या राजांचं शिकारीचं रान. 1958 साली ते गव्यांसाठी राखीव झालं. 1951 च्या मुंबई राज्याच्या कायद्याखाली शिकारीचे परवाने मिळत, त्यामुळे आजोबांची बंदूक आणि भिंतीवरची शिंगं असलेली घरं अजून सापडतात. शिमग्यात पारधीला जायचा रिवाज काही गावांत होता. गाव एकत्र निघे, हाकारे बसत, मिळालेल्या जनावराचे वाटे पडत: बंदूकवाल्याचा, हाकाऱ्यांचा, कुत्र्याच्या मालकाचा. बऱ्याच ठिकाणी आता नुसता मान पाळतात, नारळ फोडतात आणि परत येतात.

ती गोष्ट वेगळी, आणि शनिवारी रात्री बाहेरून गाडी घेऊन येणारी, दारू पिऊन डोळे चमकतील तिथे बार टाकणारी, पाडलेलं मटण हॉटेलवाल्याला पोचवणारी टोळी वेगळी. दुसरीला परंपरा म्हणणं हा गावाचाही अपमान आहे. गावातली म्हातारी माणसं या टोळ्यांवर तुमच्याइतकीच चिडून असतात, पण त्यांत कुणाचा तरी पुतण्या असतो, म्हणून बोलत नाहीत. तुम्ही नवखे असल्यामुळे तुम्हाला दोन्ही सारखेच दिसतात. सहा महिने राहा, दिसायला लागेल.

आता मी सुरुवातीला म्हटलेल्या बिनआवाजाच्या गोष्टी.

पहिली फासकी. दुचाकीच्या क्लचची किंवा ब्रेकची तार, तिला सरकता फास, आणि दुसरं टोक झाडाच्या बुंध्याला किंवा कुंपणाच्या खांबाला. डुकराच्या वाटेवर, साधारण त्याच्या मानेच्या उंचीवर लावतात. पण फास काही जनावर ओळखत नाही; त्यात भेकर जातं, कुत्रं जातं आणि कोकणात दरवर्षी बिबटे जातात. बिबट्याच्या कमरेला तार बसली की तो सुटायच्या धडपडीत ती आणखी आवळून घेतो. वरून जखम लहान दिसते, आत सगळं चिरडलेलं असतं, सोडवलेला बिबट्या पुढे दगावल्याची उदाहरणं आहेत. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की, अडकलेला बिबट्या तार तोडून सुटू शकतो. पहाटे कुठून गुरगुर ऐकू आली, गवत हलताना दिसलं, तर बघायला जाऊ नका. मोबाईल घेऊन तर अजिबात नाही. माणसं जखमी होतात ती बहुतेक याच गर्दीत.

दुसरी गोष्ट गावठी बॉम्ब. स्फोटक दारूचा गोळा करून त्यावर कोंबडीची आतडी किंवा मासळीची घाण लपेटतात आणि डुकराच्या वाटेवर टाकतात. चावलं की जबडा उडतो. याच्याइतका नीच प्रकार मी पाहिलेला नाही, कारण त्यात डुक्कर लगेच मरतही नाही आणि गुरं-कुत्री हकनाक जातात. रानाच्या कडेला सुतळी किंवा चिंधी गुंडाळलेला, वास मारणारा गोळा दिसला तर हात लावायचा नाही, पायाने ढकलायचा नाही, कुत्र्याला साखळीने मागे ओढायचं आणि तिथूनच पोलिसांना फोन करायचा. मुलांना हे एकदा नीट सांगून ठेवा.

तिसरी गोष्ट करंटची तार. विजेच्या खांबावरून किंवा घरच्या जोडणीतून सरळ वीज कुंपणाला देतात. रात्री व्हाळात (ओढ्यात) खेकडे धरायला गेलेली माणसं अशा तारांनी गेली आहेत. बाजारात मिळणारं सौर कुंपण वेगळं. त्यात बॅटरीवरचं यंत्र क्षणभराचा झटका थांबून थांबून देतं, जनावर दचकतं, मरत नाही. शेजाऱ्याचं कुंपण कोणतं आहे ते सरळ विचारा. सौर कुंपण असेल तर पॅनेल आणि यंत्राची टिकटिक असते. तेही काही नसताना तारेवर ‘सावधान’ची पाटी असेल तर रात्री त्या बाजूला जाऊ नका, आणि महावितरणला कळवा.

बंदुकीच्या धोक्याबद्दल एवढंच: घराच्या चिऱ्याच्या भिंतीला छर्रा काही करत नाही. धोका उघड्यावर, अंधारात, झाडीच्या कडेला आहे. शिकारी रात्री जनावर पाहतच नाही, तो डोळ्यांची चमक पाहतो. कुत्र्याचेही डोळे चमकतात. शिकारीत सोबत्यालाच डुक्कर समजून गोळी लागल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील, आणि ती माणसं रान ओळखणारी होती. म्हणून रात्री जेवणानंतर शतपावली घालायची ती रस्त्यावर, हातात बॅटरी लावून आणि बोलत बोलत. पहाटेचा फेरफटका उजाडल्यावर. कुत्रं रात्री घरात. ते तर बिबट्यासाठीही घरातच हवं. कुंपणामागे बॅटऱ्या दिसल्या तर घरातले बाहेरचे दिवे लावा आणि मोठ्याने ‘कोण आसा?’ विचारा. इथे वस्ती आहे, माणसं जागी आहेत, एवढं कळलं की नव्वद टक्के लोक वाट बदलतात. बॅटरी त्यांच्या तोंडावर मारू नका, आणि कुंपण ओलांडून त्यांच्याकडे जाऊ नका.

डब्याचं काय? वन्यप्राण्याचं मांस कायद्याने सरकारी मालमत्ता आहे, ते बाळगणं हाही गुन्हा. शेजाऱ्याच्या मनात तो गुन्हा नसतो. वाटा देणं म्हणजे तुम्हाला गावात धरणं. म्हणून नाही म्हणा, पण डबा परत करताना रिकामा पाठवू नका, घरचं काहीतरी घालून द्या. ‘आम्ही रानचं खात नाही हो’ इतकं पुरतं. सोमवार, संकष्टी, श्रावण यांचा आडोसा एक-दोनदा चालतो, नंतर गावाला तुमच्यापेक्षा पंचांग चांगलं पाठ असतं. शिवाय रानडुकराच्या मांसात जंत असू शकतात, अर्धंकच्चं खाल्लं तर माणसाला होतात. ज्यांना कायदा सांगून पटत नाही त्यांना हे पटतं.

आता तुम्हाला कदाचित न आवडणारी गोष्ट. तुमच्या येण्यानेही डुकरांचा प्रश्न वाढतो. मुंबईला गेलेल्यांच्या जमिनी पडीक राहिल्या, त्यांवर रान माजलं, आणि डुकरांना दिवसा लपायला जागा झाली. विकत घेऊन न बांधलेले प्लॉट म्हणजे त्याच झाडीचा पुढचा भाग. त्यात तुम्ही चार बाजूंनी चिऱ्याचा उंच गडगा घातलात की जी पायवाट तुमच्या जागेतून जात होती ती वळून शेजाऱ्याच्या मळ्यात शिरते. गावात अजून भात लावणारी घरं थोडीच उरली आहेत, आणि सगळ्या रानाचं पोट त्या चार मळ्यांवर आहे. स्वयंपाकघरातला ओला कचरा कुंपणाबाहेर टाकला तर त्यावर डुकरं आणि कुत्री येतात, कुत्र्यांवर बिबट्या येतो. तेव्हा आधी स्वतःच्या आणि शेजारच्या मोकळ्या प्लॉटांवरची झुडपं पावसानंतर काढून घ्या, मालकांना फोन करून तसं करायला लावा, कचरा खड्ड्यात पुरा.

आणि शेजाऱ्याचं पीक गेलं तर भरपाईच्या अर्जाला मदत करा. नुकसान ताजं असतानाच, दोन-तीन दिवसांच्या आत कळवावं लागतं. सातबारा, बँकेचं पासबुक, शेताचे फोटो लागतात. पंचनामा होईपर्यंत शेत तसंच ठेवावं लागतं. साठीतल्या शेतकऱ्याला ऑनलाइन अर्ज म्हणजे डोकेदुखी, तुमच्याकडे लॅपटॉप आणि प्रिंटर आहे. भरपाईची रक्कम बघून शेतकरी हसतो, हे खरं आहे. तरीही ज्या माणसाचा अर्ज तुम्ही भरून दिलात तो तुमच्या कुंपणाला फासकी लावणार नाही, आणि दुसऱ्या कुणी लावली तर तुम्हाला येऊन सांगेल.

बोलावं की गप्प बसावं, याला माझं उत्तर प्रकारावर अवलंबून आहे. मळ्यात फटाके, डबे, हवेतला बार: गप्प बसा, झोप मोडली तर मोडू द्या. आवाज घराच्या फार जवळ येत असेल तर त्या शेतकऱ्याला दिवसा भेटून, मुलांचं सांगून, कुंपणापासून दूर उभं राहायला सांगा. ऐकतात. वस्तीजवळ बेफिकिरीने गोळी झाडणं हा 2019 च्या दुरुस्तीनंतर शस्त्र कायद्याखालीही वेगळा गुन्हा आहे, पण ती भाषा पहिल्या भेटीत नको. फासकी, बॉम्ब, करंट, बाहेरच्या गाडीतली टोळी, मटणाची विक्री: इथे गप्प बसायचं नाही. वनविभागाचा क्रमांक 1926, जिवाला धोका असेल तर 112. तुमच्या भागाच्या (बीटच्या) वनरक्षकाचा आणि पोलीस पाटलांचा नंबर आजच घेऊन ठेवा. फोनवर मतं सांगू नका; ठिकाण, वेळ, किती माणसं, कोणत्या दिशेला गेली, गाडीचा क्रमांक, एवढंच सांगा आणि आपलं नाव गुप्त ठेवायला सांगा. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काहीही टाकू नका. तिथे ज्याच्याबद्दल लिहाल तो, किंवा त्याचा भाऊ, आधीपासून असतोच.

आणि येत्या दिवाळीनंतर गवत वाळलं की एकदा दिवसाउजेडी आपल्या कुंपणाची फेरी मारा. गडग्याला जिथे खिंडार असेल, जिथून जनावराची वाट गुळगुळीत झालेली दिसेल, तिथे आधी बघा. फासकी लावणाराही तिथेच बघतो. तार सापडली तर ती ओढून काढू नका. फोटो काढा, जागेची खूण ठेवा आणि वनरक्षकाला बोलवा. पंचनाम्याला ती जागेवर, बांधलेल्या गाठीसकट लागते. गाठ बांधायची पद्धत बघून ती कोणत्या वाडीची हे आमच्यातले काही जण सांगू शकत.